परदेशी सिनेमा आणि त्याची नायिका: नवख्याने मत कसं बनवावं

परदेशी सिनेमा पाहून आलेला माणूस चहाच्या टपरीवर सहसा दोनच वाक्यं बोलतो. "लई स्लो होता गड्या," नाहीतर "हिरोईन जबरदस्त." दोन्ही खरी असू शकतात. पण समोरच्याने "म्हणजे कसं?" विचारलं की गाडी तिथेच अडते. लातूर, परभणी, बीड, नांदेड, कुठेही असा, एक बरा मोबाईल किंवा टीव्ही आणि सात-आठ नीट निवडलेले सिनेमे एवढ्यावर त्या प्रश्नाला उत्तर देता येतं. त्यासाठी सिनेमाचा अभ्यासक्रम करायची गरज नाही. काही सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात.

आधी चित्र आणि आवाज धड करा

बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय बहुतेकदा आधीपासून चालू असते. सॅमसंगमध्ये तिचं नाव ऑटो मोशन प्लस, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. क्रिकेटला ती बरी. सिनेमा मात्र सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि ऑस्कर मिळवलेली बाईसुद्धा डेली सोपमधली वाटायला लागते. सेटिंगमध्ये पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा आणि ही सोय बंद करा. मोबाईलवर पाहत असाल तर दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरू नका. त्यात कडेची माणसं आणि कपाळं कापली जातात.

आवाज मूळ भाषेतलाच ठेवा. हिंदी डबिंगमध्ये ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा असतो, म्हणजे निम्मा अभिनय तुम्ही ऐकलेलाच नसतो. सबटायटल इंग्रजी ठेवा. इंग्रजी वाचायला वेळ लागत असेल आणि हिंदी सबटायटल मिळत असतील तर ती चालतील, आवाज मात्र मूळच हवा. पहिली पंधरा-वीस मिनिटं ओढाताण होतेच, तेवढ्यात सिनेमा बंद करू नका. ओळ एका नजरेत उचलायची आणि लगेच डोळ्यांकडे परत यायचं. सबटायटल शेवटच्या शब्दापर्यंत चघळत बसलं की चेहरा निसटतो. एखादी ओळ सुटली तरी बिघडत नाही, पण सगळा वेळ पडद्याच्या खालच्या पट्टीतच गेला तर तुम्ही सिनेमा पाहिला नाही, वाचला.

एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर चालू असताना हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून इअरफोन लावा. दुपारी खिडकीतून ऊन पडद्यावर येतं आणि काळोखातले प्रसंग नुसते काळे दिसतात, म्हणून रात्री नऊनंतर बसा. डेटाचा हिशेबही आधी करा. एचडी दर्जाला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीत अडीच तासांचा सिनेमा बसत नाही. मध्यम दर्जा निवडा किंवा वायफाय मिळेल तिथे आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. लाईट गेली तरी मग अडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: काही डाउनलोड एकदा प्ले केले की ४८ तासांत बंद पडतात, त्यामुळे "उरलेला रविवारी बघू" चालत नाही.

कुठला सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते सतत बदलतं. जस्टवॉच या संकेतस्थळावर देश भारत ठेवून नाव टाका, आजची स्थिती कळते. टेलिग्रामवरच्या प्रिंटच्या नादी लागू नका. बेकायदा आहेच, शिवाय दाबलेल्या फाईलमध्ये अंधारातला चेहरा चौकटी-चौकटींचा दिसतो आणि सबटायटल बऱ्याचदा यंत्राने केलेली, दोन सेकंद मागे-पुढे पळणारी असतात. त्यावरून अभिनेत्रीला नावं ठेवणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

कुठून सुरुवात करायची

क्रम महत्त्वाचा आहे. थेट 'टार' (२०२२) लावला तर दीड-दोन टक्के लोकच तरतील असं गमतीने म्हणायला हरकत नाही. सिनेमा अडीच तासांच्या वर, सुरुवातीलाच श्रेयनामावली, मग लांबलचक मुलाखत. केट ब्लँचेट त्यात अफाट आहे, पण तो नंतरसाठी ठेवा.

पहिला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४). दिग्दर्शिका पायल कपाडिया, भारत-फ्रान्स सहनिर्मिती, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. भाषा मल्याळम, हिंदी आणि मराठी, म्हणजे कान निम्मा तरी तयार असतो. मुंबईतल्या नर्सची भूमिका कनी कुसृतीने केली आहे आणि रुग्णालयातल्या स्वयंपाकीणबाईची छाया कदम यांनी. 'फँड्री', 'सैराट'मधून त्यांना आपण ओळखतो, त्यामुळे ओळखीचा चेहरा वेगळ्या चालीच्या सिनेमात कसा वागतो हे पाहता येतं. यात एक प्रसंग आहे. जर्मनीतून, कुठल्याही चिठ्ठीशिवाय, एक राइस कुकर येतो. नवरा तिकडे असतो, कित्येक महिने फोन नाही. रात्री ती नर्स खाली बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. संवाद नाही, रडणं नाही. हा प्रसंग तुम्हाला हास्यास्पद वाटला की घशाशी आला, हे स्वतःला विचारा. दोन्ही उत्तरं चालतील, कारण मात्र सांगता आलं पाहिजे.

दुसरा 'पास्ट लाइव्ज' (२०२३). सेलीन साँग यांचा पहिलाच सिनेमा, पावणेदोन तासांचा, कोरियन आणि इंग्रजीत. गोष्ट बारा-बारा वर्षांच्या उड्या मारते. नायिका ग्रेटा लीकडे पाहताना एवढंच करा: ती कोरियन बोलते तेव्हा आणि इंग्रजी बोलते तेव्हा खांदे, हसू, बोलण्याचा वेग बदलतो का? शेवटाकडे ती आणि तिचा लहानपणीचा मित्र टॅक्सीची वाट बघत समोरासमोर उभी असतात, जवळजवळ काहीच न बोलता. "यात अभिनय कुठाय?" असं म्हणणाऱ्याने तो तुकडा पुन्हा लावून फक्त तिचे हात आणि पाय बघावेत.

तिसरा 'आय एम स्टिल हिअर' (२०२४), ब्राझीलचा, दिग्दर्शक वॉल्टर सॅलेस. ब्राझीलला सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं पहिलं ऑस्कर यानेच मिळवून दिलं. १९७१ साली लष्करी राजवटीने माजी खासदार रुबेन्स पायवा यांना घरातून नेलं, ते परत आलेच नाहीत. पत्नी युनिसचं काम फर्नांडा टोरेसने केलं आहे. म्हाताऱ्या युनिसच्या भूमिकेत तिची खरी आई, फर्नांडा मॉन्टेनेग्रो. याच दिग्दर्शकाच्या 'सेंट्रल स्टेशन'साठी (१९९८) आईलाही ऑस्कर नामांकन होतं.

यातला मासिकाच्या फोटोचा प्रसंग नवख्याने दोनदा बघावा. छायाचित्रकाराला कुटुंबाचे दुःखी चेहरे हवेत. युनिस मुलांना हसायला सांगते आणि स्वतः हसते. ते हसू नीट पाहिलं तर जबडा आवळलेला दिसतो, डोळे हसत नाहीत, आणि तरीही ती खोटं हसतेय असं म्हणता येत नाही. टोरेस पूर्ण सिनेमाभर दुःख दाबून धरते. आपल्याकडे करुण प्रसंगात बाईने टाहो फोडावा अशी सवय डोळ्यांना लागली आहे, म्हणून काही जण "कोरडी वाटली" म्हणतात. कोरडी नाही. घरात पाच मुलं आहेत आणि बाहेर पाळत आहे, रडायची सोय कुठे आहे तिला?

चौथा 'द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड' (२०२१), नॉर्वेचा, दिग्दर्शक योआकिम ट्रियर. बारा प्रकरणं, पुढे-मागे एक-एक जोड, त्यामुळे दोन बैठकींत पाहिला तरी दोरा तुटत नाही. रेनाटे राइन्सवेला याच कामासाठी कानमध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला. तिची ज्युली अभ्यासक्रम बदलते, जोडीदार बदलते, मनही बदलते. इथे नवख्यांची हमखास चूक होते: बाई पटली नाही म्हणून अभिनय पटला नाही. 'उंबरठा'त (१९८२) स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून निघाली तेव्हाही प्रेक्षकांत असाच वाद होण्यासारखा मामला होता. पात्राचा राग येणं ही पुष्कळदा अभिनेत्रीचीच कमाई असते.

पाहताना नजर कुठे ठेवायची

दुसरं कुणी बोलत असतं तेव्हा नायिका काय करते? एवढी एकच गोष्ट पाहायची ठरवली तरी मत सुधारतं. संवाद लेखकाने दिलेला असतो, प्रकाश छायाचित्रकाराचा, कापाकापी संकलकाची. ऐकताना काय करायचं हे मात्र बरंचसं तिचंच असतं. मान कधी वळते, उत्तर द्यायच्या आधी किती थांबते, ऐकल्याचं भान डोळ्यांत कधी येतं.

मग शॉट किती लांब आहे ते बघा. मनात एक-दोन-तीन मोजा. दर तीन सेकंदांना कट होत असेल तर तो अभिनय बराचसा संकलनाच्या टेबलावर जोडलेला असू शकतो. दोन मिनिटं कट नाही, तर त्या दोन मिनिटांचा भार तिच्या अंगावर आहे. आणि काम करणारे हात बघा. भाजी चिरणं, कपडे घडी घालणं, सिगारेट पेटवणं यात खोटेपणा लवकर पकडला जातो.

भाषेच्या बाबतीत जिभेला लगाम घाला. 'एमिलिया पेरेझ' (२०२४) कानमध्ये एवढा आवडला की चार अभिनेत्रींना मिळून पुरस्कार दिला. पण मेक्सिकोत त्यातल्या स्पॅनिश उच्चारांवर टीकेची झोड उठली. आपल्याला तो फरक कळणं शक्यच नव्हतं. हिंदी नटाने मराठी सिनेमात 'ळ'चा 'ल' केला की आपल्या कानाला लगेच खडा लागतो, पॅरिसच्या प्रेक्षकाला लागत नाही, तसंच हे. म्हणून "तिने रशियन काय अस्खलित बोललंय" असं ठोकून देऊ नका. "रशियन बोलताना ती जास्त सावध वाटते" असं म्हणा. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

एकच अभिनेत्री, दोन सिनेमे

मत पक्कं व्हायचं तर याहून चांगली तालीम नाही. सान्ड्रा ह्यूलर घ्या. ही जर्मन अभिनेत्री २०२३ च्या कानमध्ये एकाच वेळी दोन सिनेमांत होती. 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल'ला पाम द'ऑर, म्हणजे तिथला सर्वोच्च मान मिळाला आणि 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला ग्राँ प्री, म्हणजे पहिले दोन्ही मान तिच्या सिनेमांना.

पहिल्यात ती लेखिका आहे, नवऱ्याच्या मृत्यूबद्दल फ्रान्सच्या कोर्टात उभी. फ्रेंच बोलावं लागतं, अडकली की इंग्रजीवर येते. नवऱ्याने चोरून रेकॉर्ड केलेलं भांडण कोर्टात वाजवलं जातं. थोडा वेळ ते भांडण आपल्याला दिसतं, आणि हातघाईवर येताच दिग्दर्शिका जस्टिन त्रिए आपल्याला परत कोर्टात आणून बसवते. पुढचं फक्त ऐकू येतं. तेवढ्यात ह्यूलरच्या चेहऱ्याकडे बघा. ती लपवतेय की लाजतेय, ठरवता येत नाही. हे न ठरू देणं हेच तिचं काम.

दुसऱ्यात ती आउश्वित्झ छळछावणीच्या कमांडंटची बायको हेडविग आहे. भिंतीपलीकडे माणसं मारली जाताहेत आणि बाई बागेतली फुलं-भाज्या आईला कौतुकाने दाखवते. एका प्रसंगात तिच्याकडे कैद्याकडून काढून घेतलेला फरचा कोट येतो. आरशासमोर घालून बघते, खिशात लिपस्टिक सापडते, तीही ओठांना लावून बघते. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरने घरात कॅमेरे लपवून बसवले होते, खोलीत तंत्रज्ञ नव्हते, त्यामुळे क्लोजअप जवळजवळ नाहीत. मग अभिनय बघायचा कुठे? चालण्यात. ह्यूलर जड, पाय टाकत, मालकिणीसारखी चालते. पहिल्या सिनेमात सगळा खेळ चेहऱ्यावर, इथे सगळा पाठीत आणि पावलांत. या सिनेमाला ध्वनीचंही ऑस्कर आहे आणि अर्धी गोष्ट आवाजात आहे, म्हणून तो इअरफोनशिवाय पाहूच नका.

दोन सिनेमांत किमान एका दिवसाचं अंतर ठेवा. आधी 'ॲनाटॉमी', मग 'झोन'. उलटं केलं तर हेडविगचा राग लेखिकेवर निघतो.

पुरस्कारांचं ओझं किती घ्यायचं

२०२५ ची शर्यत त्यासाठी तयार उदाहरण आहे. सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर 'अनोरा'साठी मायकी मॅडिसनला मिळालं. त्याच हंगामात नाट्यप्रधान गटाचा गोल्डन ग्लोब फर्नांडा टोरेसला, संगीत-विनोदी गटाचा डेमी मूरला 'द सबस्टन्स'साठी, ब्रिटनचा बाफ्टा मॅडिसनला आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार पुन्हा मूरला. जाणकारांचंच एकमत नाही म्हटल्यावर "ऑस्कर मिळालंय म्हणजे बेस्टच" हा मुद्दा कट्ट्यावर टिकत नाही. तिन्ही बघा आणि स्वतः क्रम लावा.

आमचा क्रम टोरेस, मूर, मॅडिसन. मॅडिसन कमी पडते असं नाही. 'अनोरा'तला घरात घुसलेल्या माणसांशी झटापटीचा लांबलचक भाग हसवतो आणि त्याच वेळी धडकीही भरवतो, तो तिच्या दमावर चालतो. पण शेवटाचं वजन बरंचसं लेखनाने उचललं आहे. मूरच्या सिनेमात शेवटाकडे रक्ताचे पाट वाहतात, तिकडे अभिनय बाजूला पडतो. त्याआधीचा आरशाचा प्रसंग मात्र कुठल्याही यादीत वर राहील. भेटीला निघालेली बाई पुन्हा पुन्हा आरशाकडे परत येते, मेकअप बदलते, आणि शेवटी लिपस्टिक गालभर फासत तळहाताने चेहरा ओरबाडल्यासारखा पुसते. मत वेगळं असेल तर वेगळंच ठेवा, प्रसंग दाखवून.

एक सूचना: 'अनोरा', 'द सबस्टन्स' आणि एमा स्टोनला ऑस्कर मिळवून देणारा 'पुअर थिंग्ज' (२०२३) हे तिन्ही प्रौढांसाठीचे आहेत. बैठकीत घरच्यांसमोर लावू नका, दहाव्या मिनिटाला रिमोट शोधायची वेळ येईल. आपल्याकडे थेटरात आलेली प्रत कधी कापलेली असते. 'ओपेनहायमर'मध्ये (२०२३) फ्लोरेन्स प्यूच्या एका प्रसंगात भारतात संगणकाने काळा ड्रेस चढवला होता. एखादी जागा तुटक वाटली तर दोष अभिनेत्रीचा की कात्रीचा, हे आधी तपासा.

लिहायचं काय, बोलायचं कसं

सिनेमा संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, कुणाचंही परीक्षण वाचायच्या किंवा यूट्यूबवर ऐकायच्या आधी, पाच ओळी लिहा. एक, तिला काय हवं होतं. दोन, ते मिळवायला ती काय करते. तीन, लक्षात राहिलेला एक प्रसंग, शक्य तर वेळेसकट. चार, जिथे ती पटली नाही ती जागा. पाच, ती भूमिका दुसऱ्या कुणी केली असती तर काय हरवलं असतं. पाचव्या ओळीला काहीच सुचत नसेल तर बहुधा लेखन चांगलं होतं आणि अभिनय ठीक होता. तेही एक मतच आहे.

आता त्या ओळींवरून बोला. "हिरोईन दिसायला छान" हे मत नाही. "स्लो होता" याऐवजी "मधल्या अर्ध्या तासात तिला करायला काही उरलं नव्हतं" म्हणा, म्हणजे समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. "ओव्हरॲक्टिंग" हा शब्द काही दिवस वापरूच नका. 'पुअर थिंग्ज'मध्ये एमा स्टोन सुरुवातीला लहान मुलासारखी आडवीतिडवी चालते, ते वाढवून केलेलं नाही. बाईच्या शरीरात बाळाचा मेंदू आहे. चाल जसजशी सुधारते तसतसं वय कळत जातं.

दहापैकी गुण देण्याची घाई नको. साडेसात म्हटलं की गप्पा तिथेच संपतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिताना शेवट फोडू नका, पहिल्या ओळीत "शेवट सांगितलाय" असं टाका आणि मग पाच-सहा रिकाम्या ओळी सोडा. अभिनेत्रीचं वय, लग्न, जुनी ट्वीट हा वेगळा विषय आहे, तो कामाच्या मतात कालवला की दोन्ही नासतं.

महोत्सवाला जायचं असेल तर

मराठवाड्यातल्या माणसाला मोठ्या पडद्यावर असे सिनेमे पाहायची हक्काची जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. साधारण जानेवारीच्या सुमारास भरतो. प्रतिनिधी म्हणून आधी नोंदणी करावी लागते. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून डिसेंबरपासूनच त्यांच्या संकेतस्थळावर नजर ठेवा आणि जालना, परभणी, नांदेडकडून येणार असाल तर परतीच्या गाडीचं आरक्षण त्यानंतरच करा.

वेळापत्रक हाती आलं की दिवसाला तीनच सिनेमांवर खूण करा. चौथ्याला डोळे मिटतात आणि दुसऱ्या दिवशी कुठली बाई कुठल्या सिनेमातली हेच आठवत नाही. आवडीच्या सिनेमाला अर्धा तास आधी रांगेत लागा. जागा मधल्या रांगांत, वाटेच्या कडेची घ्या, कारण पुढच्याचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं आणि कडेला बसलं तर तिरकं होऊन वाचता येतं. दोन सिनेमांच्या मधल्या वेळेत खाण्याआधी त्या पाच ओळी वहीत उतरवा. खेळानंतर दिग्दर्शक किंवा कलाकार बोलणार असतील तर थांबा, आणि प्रश्न विचारायचा असेल तर सिनेमाचा आशय काय असं न विचारता एखाद्या ठरावीक प्रसंगाबद्दल विचारा: तो किती वेळा चित्रित केला, तिला आधी काय सांगितलं होतं. अशा प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.